बारावा प्रोग्राम

बहारीनच्या ईसा टाउनमध्ये प्रबुद्ध शेजवळच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला वाटायचं, आत कुणीतरी आजारी असणार. बंदिस्त गॅलरीचं दार लावलेलं, आत एसी घरघरतोय आणि घरातली तिन्ही माणसं मात्र बाहेर पंख्याखाली घाम पुसत बसलेली. पाहुणा आवाज खाली आणून विचारायचा, "कोण आहे आत?" मग प्रबुद्धची बायको अश्विनी सांगायची, "माझ्या सवती. अकराजणी आहेत. त्यांना उन्हाळा सोसत नाही."

सवती म्हणजे कॉम्प्युटर. सगळे जुने, नव्या मशीनने जागेवरून उठवलेले, आणि सगळे चालू. या 'चालू' शब्दाला प्रबुद्ध फार जपायचा. नुसतं मांडून ठेवलेलं मशीन त्याच्या लेखी भंगारच. म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, न्याहारी आटोपली की तो गॅलरीत शिरायचा आणि एकेकाला उठवायचा. दहा मिनिटं चालवायचं, पडद्यावर काय येतं ते बघायचं, बंद करायचं, आणि एका लांबट वहीत तारीख टाकायची. बहारीनची हवा म्हणजे वाळू आणि खारं दमट पाणी यांची भेळ. महिनाभर न उठवलेलं मशीन पुढे उठतच नाही, हे तो दोन मशिनी गमावून शिकला होता.

मनामा या राजधानीतल्या एका कंपनीत तो टेक्निशियन होता. ऑफिसांना नवे कॉम्प्युटर बसवून द्यायचे, हे त्याचं काम. नवा बसला की जुन्याचं काय, हा प्रश्न तिथला मॅनेजर हाताच्या एका झटक्यात सोडवायचा, "खलास, फेंक दो." प्रबुद्ध हळूच विचारायचा, "मी नेऊ?" नाही म्हणायचं कुणाला कारण नसायचं. असे, एखादा बाजारातला धरून, दहा वर्षांत गॅलरीत अकरा जमले. त्यांत एक शिवणयंत्राएवढा होता, वर मूठ असलेला. तो 'उचलून नेण्याचा' म्हणून विकला गेला होता, आणि जिन्यावरून आणताना दोन माणसांची कंबर धरली होती.

पण खरी गंमत प्रबुद्धला मशीनची नव्हती, मशीनपुढे बसून गेलेल्या माणसाची होती. नवीन कुणी घरात आलं, की तो आधी त्याचा कीबोर्ड उलटा करून कागदावर झटकायचा. एकातून वेलचीची सालं पडली. एकातून नखाच्या लाल रंगाचे कपचे. एका मशीनची पाचची कळ इतकी झिजलेली, की त्यावरचा आकडाच गेला होता. पाच कुणाला एवढा लागत असेल, यावर त्याने दोन शुक्रवार घालवले. वहीत प्रत्येक मशीनच्या नावापुढे अशा नोंदी असत, 'मालक बहुधा डावखुरा', 'हा माणूस टेबलाशीच जेवत असावा'. आतली पत्रं मात्र तो उघडायचा नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे त्याला लहानपणीच बजावलेलं होतं. पाकीट कितीही वेळ न्याहाळायला हरकत नाही, ही पुस्ती त्याची स्वतःची.

बजावणारे त्याचे वडील, तुकाराम शेजवळ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर बनत, तिथे अण्णा छत्तीस वर्षं लोखंडी पत्रे जोडणारे खिळे, म्हणजे रिव्हेट, तपासत. एका हातात छोटी हातोडी घेऊन टिचकी मारायची, दुसऱ्या हाताचं बोट पलीकडून टेकवायचं, आणि आवाजावरून सांगायचं, पक्का की ढिला. त्यांनी ढिला म्हटलेला रिव्हेट काढून बघायची साहेबाचीही छाती नव्हती. आता ते निवृत्त झाले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन होऊनही उजेड बेताचाच. बायकोला अक्षरओळख नव्हती. मुलाचं पत्र आलं की शेजारच्या कुणाला वाचायला बोलवावं लागे, आणि घरातली बात अशी चारचौघांत उघडी पडलेली अण्णांना खपत नसे. म्हणून शेजवळांच्या घरात पत्रं बंद होऊन कॅसेटी सुरू झाल्या.

रीत ठरलेली होती. ईसा टाउनमध्ये टेपरेकॉर्डरसमोर तिघांनी बसायचं, आळीपाळीने बोलायचं, आणि सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत कॅसेट टाकायची. तो मुंबईत उतरला की पोस्टात टाकी. अण्णा ती ऐकत आणि मुलाचं बोलणं जिथे संपलं तिथून पुढे आपलं सुरू करत. कॅसेटची पट्टी वाया घालवणं त्यांना पानात भात टाकण्यासारखं वाटे. मग तीच कॅसेट परत बहारीनला.

कोऱ्या कॅसेटी कोण आणत बसणार. ईसा टाउनच्या जुन्या बाजारात ताहिर नावाच्या पाकिस्तानी दुकानदाराकडे जुन्या अरबी गाण्यांच्या कॅसेटी ढिगाने पडलेल्या असत. अशा कॅसेटीच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारीक टिकली मोडलेली असते, वर कुणी चुकूनही रेकॉर्ड करू नये म्हणून. त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, की कॅसेट पुन्हा आपली. आखातातल्या कुठल्याही मराठी बाईला हे शिकवावं लागत नसे.

याच ताहिरने आदल्या वर्षी प्रबुद्धला एक खोकं दिलं. आत सख्र निघाला, अरबी कीबोर्डाचा, टीव्हीला जोडायचा छोटा घरगुती कॉम्प्युटर. सोबत एक कॅसेट, वर निळ्या शाईत अरबीत काहीतरी लिहिलेलं. हे जुने घरगुती कॉम्प्युटर आपले प्रोग्राम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवत. ती कॅसेट माणसाने ऐकली तर कानात नुसती शिट्टी आणि खरखर. मशीनला ऐकवली तर पडद्यावर खेळ, गणित, जे असेल ते उभं राहतं.

प्रोग्राम न उघडता त्यांची नावं जाणून घ्यायची एक युक्ती प्रबुद्धला ठाऊक होती. कॅसेटवर नसलेलंच एखादं नाव मशीनकडे मागायचं. मग ते बिचारं कॅसेटभर हिंडतं आणि भेटेल त्याचं नाव पडद्यावर लिहून, हा नव्हे म्हणत पुढे जातं. तसं करून त्याने नावं उतरवून घेतली. MUN1, MUN2, असं करत MUN12 पर्यंत. बारा प्रोग्राम, एकाच बाजूवर, सगळे शाबूत. दुसरी बाजू कोरी.

MUN म्हणजे काय, या प्रश्नाने त्याचं डोकं पोखरलं. चंद्र म्हणावं तर इंग्रजी स्पेलिंग बसेना. एखाद्या कंपनीचं नाव म्हणावं तर कंपनी सख्रवर काम कशाला करेल. हिशेब असतील तर बारा महिने, म्हणून बारा? अश्विनी म्हणाली, "एवढं आहे तर उघडून बघा की." तो म्हणाला, "उघडून बघितलं तर कळेल. ओळखलं असं नाही होणार." अश्विनीने भाजी निवडायला घेतली.

उत्तर आपल्या पायांनी चालत आलं, १९९५च्या एप्रिलमधल्या एका शुक्रवारी. दारात पायघोळ काळ्या अबायातली एकोणीसेक वर्षांची बहारीनी मुलगी उभी होती. ताहिरने पत्ता दिला, म्हणाली. सफाईदार इंग्रजी, मध्ये मध्ये बाजारात शिकलेलं हिंदी. नाव मुनीरा. मनामातल्या एका बँकेत नुकतीच ट्रेनी म्हणून लागली होती. तिला एक जुना सख्र हवा होता. कुठलाही नव्हे, तिच्या वडिलांचा.

नाव ऐकल्याबरोबर प्रबुद्धने वही आणली. पान उघडून तिच्यासमोर धरलं. मुनीराने MUN1 वर बोट ठेवलं आणि बोट ओळीने खाली सरकवत बारापर्यंत नेलं.

मग तिने सांगितलं. तिचे वडील, महमूद, जहाजदुरुस्तीच्या गोदीत स्टोअरकीपर होते. ती दहा वर्षांची असताना त्यांनी सख्र आणला आणि मासिकांतून बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकले. गुरुवारी संध्याकाळी ते तिला टीव्हीसमोर बसवायचे. त्यांनी लिहिलेला प्रोग्राम तिचं नाव घेऊन कोडी घालायचा, पाढे विचारायचा, चिडवायचा. जमलेले प्रोग्राम ते या कॅसेटवर उतरवून ठेवायचे. असे अकरा झाले.

"बाराव्याच्या वेळी मी चौदाची होते," मुनीरा म्हणाली. "बाबांनी हाक मारली, नवीन केलाय, ये बघ. मैत्रिणी आल्या होत्या. मी म्हटलं, मला वेळ नाही, मी काय लहान आहे का आता. ते म्हणाले, बरं, नंतर. पुढे दोन-तीनदा त्यांनी विचारलं, मग विचारायचे थांबले. दुसऱ्या वर्षी गेले ते. हार्ट. आम्ही हमद टाउनला राहायला गेलो, तेव्हा आईने ते खोकं विकून टाकलं. मी बारावा बघितलेलाच नाही."

प्रबुद्धला आनंद लपवता येईना. वर्षभर छळणारं कोडं सुटलं होतं आणि शिवाय ते सुटून चांगलंच निघालं होतं. "सगळे चालू आहेत," तो म्हणाला. "बाराच्या बारा. मी स्वतः तपासलेत. पाच मिनिटं द्या, आत्ता दाखवतो."

त्याने सख्रचं खोकं उतरवलं. आत सख्र होता, वायर होती, कॅसेट नव्हती.

बाजूच्या खोक्यांत नव्हती. कपाटात नव्हती. कपाळावरचा घाम पुसत त्याने मुनीराला सांगितलं, की घरातच आहे, कुठेतरी ठेवली गेली असेल, पुढच्या शुक्रवारी नक्की या. ती हसून गेली. जाताना तिने सख्रवरून एकदा हात फिरवला.

ती गेल्यावर प्रबुद्धने घर उलटंपालटं केलं. अश्विनी पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "काय शोधताय?"

"कॅसेट. सख्रची. निळ्या शाईत अरबी लिहिलेली."

अश्विनीचं लाटणं थांबलं. "ती खरखरणारी?"

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी प्रबुद्धने ती तपासली होती. सख्रला कॅसेट ऐकवायला घरात वेगळं यंत्र नव्हतं, घरचाच टेपरेकॉर्डर तो जोडायचा. त्या दिवशी जेवायची हाक आली आणि कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच राहिली. संध्याकाळी अण्णांसाठी कॅसेट करायची होती, कारण कंपनीतला सावंतवाडीचा ड्रायव्हर गुंडू दुसऱ्या दिवशी सुट्टीवर निघत होता. अश्विनीने आतली कॅसेट थोडी वाजवून बघितली. नुसती खरखर. खराब झालेली दिसतेय, पण पट्टी तर चांगली आहे, असं म्हणून तिने तिच्या पाठीवर नेहमीसारखी चिकटपट्टी लावली. मग ती बोलली, त्यांची आठ वर्षांची दीप्ती बोलली, आणि शेवटी खुद्द प्रबुद्ध त्याच कॅसेटवर तीन मिनिटं बोलला. समोर फिरत असलेली कॅसेट कुठली, हे त्याने बघितलंही नव्हतं.

"चिकटपट्टी लावलीस," तो म्हणाला.

"दर वेळी लावते," अश्विनी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. प्रबुद्धला तिच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड नव्हतं. जगभरच्या माणसांच्या कीबोर्डातली वेलचीची सालं मोजणाऱ्याला स्वतःच्या पुढ्यातली कॅसेट दिसली नव्हती.

कॅसेट मनमाडला होती. अजून परत आलेली नव्हती. म्हणजे आता सगळं अण्णांवर होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मनमाडला स्टेशनाजवळच्या फोनच्या बूथवर फोन लावला, अण्णांना बोलावून आणायला सांगितलं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावला.

"अण्णा, ती आमची कॅसेट. तिच्यावर काही बोलू नका."

"बोललो की. परवाच पोस्टात टाकली. रजिस्टर केलीये," अण्णा म्हणाले.

"कुठून बोललात? आमचं संपतं तिथून?"

अण्णांनी घसा खाकरला. मग अण्णा म्हणाले, "तीन महिन्यांनी फोन लावला, अन् इचारतो काय, तर कुठून बोललात. दीप्ती कशीये ते सांग आधी."

"बरी आहे. अण्णा, किती वेळ बोललात?"

"जेवढं बोलायचं तेवढं बोललो. ऐकशील तवा कळंल." आणि अण्णांनी फोन ठेवून दिला.

प्रबुद्धने वही घेऊन मांडणी केली. एका बाजूला तीस मिनिटं. एकेक प्रोग्राम दोन मिनिटांच्या आसपास. त्यांचं तिघांचं बोलणं झालं होतं अकरा मिनिटं, म्हणजे पहिले पाच गेले आणि सहावा अर्धा कापला गेला. अण्णांचं बोलणं आजवर कधी वीस मिनिटांच्या आत आटोपलेलं नव्हतं. गावातली मयतं, लग्नं, विहारातला कार्यक्रम, कारखान्यात कोण रिटायर झालं, सगळं सांगून ते शेवटी 'आता थोडं राहिलंय' म्हणत आणि मग अजून पाच मिनिटं. अकरा आणि वीस, एकतीस. बाराव्याला जागाच उरत नव्हती. आपल्या बापाने एवढ्या वेळी तोंड आवरलं असतं तर किती बरं, असं त्याच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. दोन्ही डोळ्यांनी अधू झालेला माणूस महिनोन्महिने एका कॅसेटची वाट बघतो आणि आपण त्याचे शब्द मिनिटांनी मोजतोय.

शुक्रवारी मुनीरा आली ती आईने दिलेला हलव्याचा डबा घेऊन. प्रबुद्धने तिला बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुनीराने ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या वडिलांनी टिकली मोडून ठेवली होती." मग उठली आणि गेली. डबा टेबलावर तसाच राहिला. दीप्तीने दोनदा विचारलं, "कॅन आय ओपन इट?" पण त्या घरात तो डबा उघडायचं कुणाच्या हातून झालं नाही.

नंतरचे तीन आठवडे प्रबुद्धचे नीट गेले नाहीत. शुक्रवारी तो गॅलरीत जाई, मशिनी उठवी, तारखा टाकी, पण कीबोर्ड झटकून बघायची हौस कुठे गेली ते त्यालाच कळेना. एका ऑफिसने बारावा कॉम्प्युटर देऊ केला, तो त्याने नाही म्हणून सोडला. अश्विनीला हे बघवेना. सवतींचा एवढा जाच काढला, पण नवरा असा गप्प गॅलरीत बसलेला तिला नको होता.

मे महिन्यात पार्सल आलं. मांजरपाटाच्या कापडात शिवलेलं, शिवणीवर लाखेचे पाच ठिपके, आणि वर दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात पत्ता. अश्विनीने कात्रीने धागे कापले. प्रबुद्धने कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, पट्टी सुरुवातीला नेली आणि तिघं खाली सतरंजीवर बसली.

आधी अश्विनीचा आवाज आला. मग दीप्तीने अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी कविता म्हटली. मग प्रबुद्ध. 'अण्णा, तब्येतीला जपा. डोळ्यांत औषध घालत जा. इकडे सगळं ठीक. काम चालू आहे. दीप्तीची परीक्षा झाली. बाकी विशेष काही नाही.' ऑफिसातली सूचना वाचून दाखवावी तसा तो बोलत होता, आणि मध्ये एकदा त्याने जांभई दिली होती, तीही कॅसेटने जपून ठेवली होती. हे अण्णांनी ऐकलं असणार, बहुधा चार-चार वेळा. प्रबुद्धने मान खाली घातली.

त्याचं बोलणं संपलं. खट् असा आवाज झाला. आता अण्णांचा घसा खाकरल्याचा आवाज येईल म्हणून तो वाट बघत होता.

आली ती खरखर. कानठळ्या बसवणारी, कर्कश, सबंध खरखर. मग शांतता. मग लांब शिट्टी आणि पुन्हा खरखर. दीप्तीने कानांवर हात ठेवले. प्रबुद्धने टेपरेकॉर्डरला कान लावला आणि बाजू संपेपर्यंत तसाच बसून राहिला. एकाही ठिकाणी माणसाचा आवाज नव्हता.

मग त्याने कॅसेट उलटली.

"जय भीम. मी तुकाराम शेजवळ, मनमाडहून बोलतोय," अण्णा दर वेळी सुरुवात करत तसेच म्हणाले. "कॅसेट पोचली. पोरीची कविता बऱ्याच बारी ऐकली. आता ऐक. तुमचं संपलं, म्हनून मी माझं सुरू करनार, तर आत कर्र कर्र चालू झालं. तुझी माय म्हने, कॅसेट खराब हाये, बोला त्याच्यावर. मी म्हनलं, थांब. ढिला रिव्हेट कसाही वाजतो, त्याला नेम नसतो. हे तसं नाही. आधी शिट्टी, मग खरखर, मग गप. परत शिट्टी. मोजलं मी. सहा बारी. सुरुवातीची एक खरखर बिनशिट्टीची हाये, तिचं तोंड तुमच्या बोलन्यानं खाल्लं असंल. कोनीतरी बसून, जीव लावून केलेलं काम हाये हे. आपल्याला कळत नाही, म्हनून काय ते खराब झालं का? म्हनून मी पालटून घेतली, अन् या बाजूनं बोलतोय. आता गावाकडचं सांगतो."

आणि पुढची सव्वीस मिनिटं अण्णांनी गावाकडचं सांगितलं. कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, विहाराच्या छपराचे पत्रे कसे बदलले. प्रबुद्धने यातला एक शब्द सोडला नाही. अश्विनीने मध्येच हलकेच उठून गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसली. त्याच संध्याकाळी प्रबुद्धने शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणून अण्णांची ती बाजू दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली, आणि मूळ कॅसेटच्या पाठीवरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली.

बँकेत फोन केला तेव्हा मुनीराने आधी नुसतं "हं" म्हटलं. तिला पुन्हा एकदा आशेला लागायचं नव्हतं, ते त्याला कळलं. "पहिले पाच गेलेत," त्याने सांगितलं. "सहावाही गेला. तो माझ्या हातून गेला, त्याला मी काही करू शकत नाही. पण सात ते बारा आहेत."

"पहिले सहा मला पाठ आहेत," ती म्हणाली. "मी येते."

शुक्रवारी प्रबुद्धने टीव्ही गॅलरीत नेला, सख्र जोडला, टेपरेकॉर्डर जोडला. सातवा, आठवा, नववा, दहावा, अकरावा एकेक करून पडद्यावर आले. मुनीरा खुर्चीच्या टोकाला बसून बघत होती, कोड्यांची उत्तरं भराभर टाकत होती, काही आठवून हसत होती. पडद्यावरची अरबी प्रबुद्धला वाचता येत नव्हती. त्याला फक्त एवढंच कळत होतं, की प्रत्येक पानावर एक शब्द पुन्हा पुन्हा येतोय आणि तो तिचं नाव असावा.

मग कॅसेट शेवटच्या शिट्टीवर आली आणि पडद्यावर MUN12 उमटलं. तो चढायला दोन मिनिटं लागली. खरखर थांबली तसा प्रबुद्ध उठला. हे दुसऱ्याचं पत्र होतं, आणि आता पाकिटातून बाहेर येत होतं.

"बसा," मुनीरा म्हणाली. "मी वाचून दाखवते."

तो बसला. मुनीराने कळ दाबली. पडदा निळा झाला आणि त्यावर दोन ओळी आल्या.

"मुनीरा, आज तुला वेळ आहे का?" तिने वाचलं. "एक दाबलं तर हो. दोन दाबलं तर नाही."

तिचं बोट एकवर गेलं आणि तिथून सरकलं. चौदा वर्षांच्या मुलीने जे दाबलं असतं, ते तिने दाबलं. दोन.

"हरकत नाही," तिने वाचलं. "मी इथेच बसलोय." खाली पुन्हा तोच प्रश्न आला, आज तुला वेळ आहे का. तिने पुन्हा दोन दाबलं. हरकत नाही, मी इथेच बसलोय. तिसऱ्यांदाही तेच. महमूदने या उत्तराला शेवटच ठेवला नव्हता. कितीही वेळा नाही म्हटलं तरी मशीन रागावणार नव्हतं की बंद पडणार नव्हतं. प्रबुद्धला ती मांडणी न वाचताही समजली.

मुनीराने एक दाबलं.

पडदा पुसला गेला. आता काय येईल म्हणून प्रबुद्ध वाकून बघू लागला. एकच ओळ आली आणि मुनीरा ती वाचता वाचता हसायला लागली. "सात आठे किती?"

बँकेत दिवसभर आकड्यांत वावरणारी मुलगी. तिने चोपन्न टाइप केलं. प्रबुद्धने छप्पन्न म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ आली.

"चुकलं, मुनीरा. घाई नाही, परत सांग," तिने मोठ्याने वाचलं. ओढणीच्या टोकाने नाक पुसलं, आणि पंचावन्न टाइप केलं.